मसावि विचारला की लसावि लिहून येतात, ही चूक परत परत का होते आणि आमच्याकडे ती कशी थांबली

मुलगी सहावीत आहे, मराठी माध्यम. पेपरात प्रश्न होता १२ आणि १८ चा मसावि काढा, तिने लिहिलं ३६. त्याच्याच खाली लसावि विचारला होता, तिथे लिहिलं ६. म्हणजे आकडे दोन्ही बरोबर काढलेत, मांडणी पण नीट आहे, फक्त जागा उलट्या, आणि दोन्हीचे मार्क गेले. घरी बसवलं, समजावलं, वीस गणितं करून घेतली, वीसच्या वीस बरोबर आली. आठ दिवसांनी चाचणी झाली, परत तेच. मग परत वीस गणितं, परत बरोबर, आणि पुढच्या चाचणीत परत उलटं. शेजारच्या बिल्डिंगमधला तिच्याच वर्गातला मुलगा आमच्याकडे अभ्यासाला येतो, त्याची वही बघितली तर त्याचंही तसंच, आणि तो मुलगा बाकी गणितात चांगला आहे.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत गिअर कटिंगच्या शॉपमध्ये काम करतो, राहायला सिडकोत. आमच्याकडे एखादा जॉब एकदा रिजेक्ट झाला तर हाताची चूक म्हणता येते, पण त्याच मापात, त्याच बाजूला रोज रिजेक्ट व्हायला लागले तर मग ऑपरेटरला बोलून उपयोग नसतो, सेटिंगमध्ये काहीतरी असतं ते शोधायला लागतं. हे पण तसंच वाटलं म्हणून मी "लक्ष देत नाहीस" म्हणणं बंद केलं आणि एक दिवस नुसतं विचारलं, मसावि म्हणजे काय गं, तुझ्या शब्दात सांग.

ती म्हणाली, "पप्पा, महत्तम म्हणजे सगळ्यात मोठा, म्हणून मसावि मोठा येतो आणि लसावि लहान येतो, लघुतम ना."

बघा, पोरगी वाचते तेच करते! नावात महत्तम आहे म्हणून मोठा आकडा तिथे, नावात लघुतम आहे म्हणून लहान आकडा तिथे. तिच्या बाजूने विचार केला तर एकदम तर्कशुद्ध आहे. वीस गणितं घरी बरोबर येत होती कारण वरती मी "आता आपण मसावि करतोय" म्हणून एकाच प्रकारची लावून देत होतो, नावाचा अर्थ लावायची वेळच येत नव्हती, पेपरात दोन्ही शेजारी शेजारी आले की ती नावाकडे बघायची आणि फसायची.

आता नाव पूर्ण लिहून बघा. मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य. आपण जे छोटं नाव बोलतो त्यात दोन्हीच्या शेवटी "वि" येतो, आणि तो वि वेगवेगळा आहे, एकात विभाजक आणि एकात विभाज्य. म्हणजे जो शब्द खरा फरक सांगतो तोच छोट्या नावात झाकला जातो आणि उरतात काय तर म आणि ल, मोठा आणि लहान, आणि पोरं त्यालाच धरतात. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे, बाकी चुका पण होतात त्या पुढे सांगतो पण ही पहिली.

म्हणून आमच्याकडे नियम केला की नाव मागून वाचायचं. आधी शेवटचा शब्द. विभाजक म्हणजे भागणारा, भागाकारात भाजक असतो तोच हा, तो संख्येएवढा किंवा संख्येपेक्षा लहानच असणार कारण त्याने संख्येला पूर्ण भाग जायला पाहिजे. विभाज्य म्हणजे ज्याला भाग जातो तो, भाज्य, पाढ्यात येणारा आकडा, तो संख्येएवढा किंवा मोठाच असणार. हे ठरलं की मग पहिला शब्द वाचायचा. लहान लहान विभाजकांमधला सगळ्यात मोठा, आणि मोठ्या मोठ्या विभाज्यांमधला सगळ्यात लहान.

तिने लगेच विचारलं की मग लघुतम विभाजक का नाही काढत आणि महत्तम विभाज्य का नाही. मला हा प्रश्न फार आवडला, कारण उत्तर मिळालं की नावं पक्की बसतात. लघुतम साधारण विभाजक कुठल्याही संख्या घ्या, १ च येणार, विचारण्यात अर्थच नाही. आणि महत्तम साधारण विभाज्य नसतोच, १२ आणि १८ चे सामाईक विभाज्य ३६, ७२, १०८, १४४ असे चालूच राहतात, शेवट नाही. एका बाजूला खाली १ वर यादी संपते म्हणून वरचं टोक विचारतात, दुसऱ्या बाजूला वर टोकच नाही म्हणून खालचं विचारतात. एवढं कळल्यावर तिने स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की मसावि दिलेल्या सगळ्यात लहान संख्येपेक्षा मोठा येऊच शकत नाही आणि लसावि सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा लहान येऊच शकत नाही. उत्तर लिहिलं की हे ताडून बघायचं, दोन सेकंद लागतात.

इथे एक बारीक अडचण येते ती आधीच सांगून ठेवा. ६ आणि १८ दिले तर मसावि ६ येतो आणि लसावि १८ येतो, म्हणजे दिलेल्याच संख्या उत्तरात. पोरांना वाटतं काहीतरी चुकलं आणि बरोबर उत्तर खोडतात. एका संख्येने दुसरीला पूर्ण भाग जात असेल तर असंच येणार, ते बरोबर आहे.

पण बोलून जेवढं झालं त्यापेक्षा जास्त गिअरने झालं. शॉपमध्ये भंगारात टाकलेले दोन गिअर होते, एक १८ दात्यांचा आणि एक २४ दात्यांचा, दोन्ही एकाच मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप, हे बघायला लागतं, ते वेगळं असेल तर दाते एकमेकांत बसत नाहीत), सुपरवायझरला विचारून घरी आणले, धुवून एका फळीवर दोन खिळ्यांवर बसवले. दोन्हीवर जिथे एकमेकांना लागतात तिथे खडूने खूण केली आणि तिला म्हटलं लहान गिअर फिरव, दोन्ही खुणा परत समोरासमोर कधी येतात ते मोज.

लहान गिअरचा एक फेरा झाला, म्हणजे १८ दाते सरकले, मोठ्याची खूण अजून मागे. दोन फेरे, ३६. तीन, ५४. चौथ्या फेऱ्याला दोन्ही खुणा बरोबर समोर आल्या, तोवर मोठ्याचे तीन फेरे झाले होते. चार अठरे बहात्तर, तीन चोवीस बहात्तर. १८ आणि २४ चा लसावि ७२. पाढ्यात जे आपण कागदावर १८, ३६, ५४, ७२ लिहितो तेच इथे हाताने फिरलं.

मग दुसरी गंमत, ही मला स्वतःला पण त्या दिवशी नीट दिसली. लहान गिअरच्या खूण केलेल्या दात्याला मोठ्या गिअरचे कुठले कुठले दाते भेटतात ते प्रत्येक फेऱ्याला खडूने खुणावलं. चार फेऱ्यांत चारच दाते निघाले, आणि त्यानंतर कितीही फिरवा तेच चार, नवीन एकही नाही. त्या चार खुणांमधलं अंतर मोजलं तर प्रत्येक ठिकाणी बरोबर सहा दाते. १८ आणि २४ चा मसावि ६. म्हणजे एकाच जोडीत लसावि म्हणजे किती दात्यांनी परत भेट आणि मसावि म्हणजे भेटणाऱ्या दात्यांमधलं अंतर, एक मोठा एक लहान, डोळ्यांसमोर. हे बघितल्यानंतर तिने दोघांची अदलाबदल केलेली मी तरी पाहिली नाही.

आमच्या कामात पण याला महत्त्व आहे म्हणून सांगतो. १८ दात्यांचा पिनियन (जोडीतला लहान गिअर) आणि ५४ दात्यांचा गिअर लावला तर पिनियनचा एक दाता मोठ्याच्या फक्त तीनच दात्यांना आयुष्यभर घासत राहतो, त्यात एखाद्या दात्याला दोष असेल तर तेच तीन झिजणार. त्याऐवजी १७ आणि ५४ घेतले, यांचा मसावि १, तर पिनियनचा प्रत्येक दाता मोठ्याच्या सगळ्या ५४ दात्यांना भेटून मगच परत पहिल्याकडे येतो, झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. याला हंटिंग टूथ म्हणतात. शाळेतल्या भाषेत १७ आणि ५४ या सहमूळ संख्या. पोरांना वाटतं सहमूळ म्हणजे दोन्ही मूळच पाहिजेत, तसं नाही, ५४ कुठे मूळ आहे, किंवा ८ आणि १५ घ्या, दोन्ही संयुक्त पण सहमूळ. आणि सहमूळ आल्या की पोरं "मसावि नाही" असं लिहून मोकळी होतात ते पण चूक, मसावि १ आहे, नाही असं कधी होत नाही.

आता यादी करताना विभाजक सुटतात त्याबद्दल. ३६ चे विभाजक विचारले तर १, २, ३, ४, ६, ९, १२, ३६ लिहितील आणि १८ राहील, आणि मग ३६ आणि ५४ चा मसावि १८ ऐवजी ९ येईल. कारण एकच, मनात येईल तसे लिहितात. जोड्या लावायच्या, १ गुणिले ३६, २ गुणिले १८, ३ गुणिले १२, ४ गुणिले ९, ६ गुणिले ६, आणि डावीकडचा आकडा उजवीकडच्याला भेटला किंवा ओलांडायला लागला की थांबायचं, त्यापुढे नवीन काही मिळत नाही. ४८ ला १-४८, २-२४, ३-१६, ४-१२, ६-८, पुढे ७ ने भाग जात नाही आणि ८ तर येऊन गेला, संपलं. दहा विभाजक. दोन मिनिटांत होतं आणि काही सुटत नाही.

मूळ अवयव पाडताना वेगळी चूक असते, काही संख्या दिसायला मूळ वाटतात. ५१, ५७, ८७, ९१ आणि ११९. पहिल्या तिघांना ३ ने भाग जातो, अंकांची बेरीज करा म्हणजे कळेल, आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३, ११९ म्हणजे ७ गुणिले १७. ७ ची कसोटी पोरांना येत नाही म्हणून ही दोन जास्त फसवतात, सरळ भागून बघायला लावा.

अंकांच्या बेरजेवरून आठवलं म्हणून थोडं बाजूला जातो. आपल्या देवळालीत शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, त्यांचा ६१७४ हा आकडा नाशिकच्या प्रत्येक पोराला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा (शून्य असेल तर ते पुढे येईल, धरायचं), वजा करा, उत्तरावर परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं. आता याचे मूळ अवयव पाडा, २ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ७ गुणिले ७ गुणिले ७. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने ६१७४ ला पूर्ण भाग जातो, ३४३ वेळा. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नाव पण कापरेकरांनीच दिलेलं. तीन अंकी संख्यांना हीच क्रिया केली की ४९५ येतं. मी मुलांना ६१७४ आणि ४९५ चा मसावि काढायला दिला, ९ आला, आणि मग दोघं अर्धा तास शोधत बसली की ९ च का. वजाबाकीत तेच अंक उलटसुलट लावलेले असतात, त्यामुळे बेरीज दोन्हीकडे सारखी, म्हणून फरकाला ९ ने भाग जातोच. कंटाळून वही मिटणारी पोरं आपणहून भागाकार करतात यावर, करून बघा.

परत मुद्द्यावर येतो. सगळ्यात जास्त मार्क जातात ते तीन संख्यांच्या उभ्या मांडणीत. १२, २० आणि ३० घेऊ.

२ | १२  २०  ३०
२ | ६  १०  १५
३ | ३  ५  १५
५ | १  ५  ५
   | १  १  १

यात पहिल्या २ ने तिन्ही संख्यांना भाग गेला. दुसऱ्या २ ने ६ आणि १० ला गेला, १५ ला नाही, ती तशीच खाली उतरवली. मसाविसाठी फक्त तिन्हींना भाग जाणारा घ्यायचा, म्हणजे मसावि २. लसाविसाठी डावीकडचे सगळे, २ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ५, म्हणजे ६०. पोरं दोन प्रकारे चुकतात. एक तर मसाविसाठी पण शेवटपर्यंत जातात आणि ६० लिहितात. नाहीतर लसाविसाठी पहिल्या पायरीलाच थांबतात, "आता तिघांना भाग जात नाही" म्हणून, आणि २ गुणिले ६ गुणिले १० गुणिले १५ करून १८०० लिहितात. १८०० हा सामाईक विभाज्य आहे खरा, पण लघुतम नाही.

आम्ही यावर लाल रेघ ठेवली. आधी फक्त सगळ्यांना भाग जाणारे मूळ अवयव घ्यायचे, ते संपले की पूर्ण मांडणीत आडवी लाल रेघ मारायची, मग खाली दोघांना किंवा एकाला भाग जाणारे. रेघेच्या वरचे डावीकडचे गुणले की मसावि, वरचे खालचे सगळे गुणले की लसावि. एकाच मांडणीत दोन्ही. फक्त क्रम पाळायला पाहिजे, आधी ५ ने सुरुवात केली (२० आणि ३० ला जातो म्हणून) आणि नंतर २ घेतला तर लसावि बरोबर येईल पण रेघ चुकीच्या जागी पडेल आणि मसावि चुकेल.

आणि एक चूक अशी आहे की ती पकडायला मला स्वतःला दोन संध्याकाळ लागल्या. त्या शेजारच्या मुलाने याच संख्यांना, पटकन होईल म्हणून, सुरुवातीलाच ४ ने भागलं. १२ चे ३, २० चे ५, ३० ला जात नाही म्हणून ३० तसेच. मग ३ ने १, ५, १०. मग ५ ने १, १, २. मग २ ने सगळे १. गुणाकार ४ गुणिले ३ गुणिले ५ गुणिले २, उत्तर १२०. प्रत्येक पायरी तपासली, भागाकार एकही चुकीचा नाही, तरी उत्तर दुप्पट! कारण ४ मध्ये दोन २ आहेत, ३० ला ४ ने जात नाही पण २ ने जातो, तो ३० मधला २ तसाच खाली राहिला आणि नंतर वेगळा मोजला गेला. म्हणून फक्त काही संख्यांना भाग जातोय अशा पायरीला मूळ संख्येनेच भागायचं, २, ३, ५, ७, ११ असं. सगळ्याच्या सगळ्या संख्यांना जात असेल तर ४ काय ६ काय, चालेल, तिथे बिघडत नाही. तुमच्याकडे लसावि दुप्पट किंवा तिप्पट येत असेल तर पहिलं हेच बघा, डावीकडे मूळ नसलेली संख्या बसलीय का.

"मसावि गुणिले लसावि बरोबर संख्यांचा गुणाकार" हे सूत्र पाठ असतं सगळ्यांना, १२ आणि १८ ला ६ गुणिले ३६ म्हणजे २१६ आणि बारा अठरे पण २१६, बरोबर. पण हे दोनच संख्यांना आहे. तीन संख्यांना लावून ताळा करायला गेलात तर १२, २०, ३० चा गुणाकार ७२०० आणि २ गुणिले ६० म्हणजे १२०, काही जुळणार नाही, आणि पोरगं बरोबर आलेलं उत्तर खोडून बसेल.

मोठ्या संख्या आल्या की अवयवांचा नाद सोडा. २९९ आणि ३९१ चा मसावि द्या, पोरं २, ३, ५, ७ करत दमतात. ३९१ ला २९९ ने भागा, बाकी ९२. आता २९९ ला ९२ ने, बाकी २३. ९२ ला २३ ने, बाकी ०. मसावि २३, तीन ओळीत संपलं. पुस्तकात ही भागाकार पद्धत असते पण पोरं टाळतात. युक्लिडच्या ग्रंथात ही दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या आर्यभटीयात कुट्टक आहे त्यात पण असाच उलटसुलट भागाकार करत जातात. मला यादीपेक्षा हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते, विभाजक सुटायचा प्रश्नच नाही.

आता शाब्दिक गणितं, इथे मात्र औषध एका दिवसात लागू पडत नाही. बऱ्याच ठिकाणी पोरांना शिकवतात की "जास्तीत जास्त" दिसलं की मसावि आणि "कमीत कमी" दिसलं की लसावि. सोप्या गणितांना चालतं आणि म्हणूनच धोक्याचं आहे. तिच्या मामाची निफाडला द्राक्षबाग आहे, तिथलंच गणित घातलं. १४० किलो थॉमसन आणि २२० किलो सोनाका, द्राक्षांची ही दोन वाणं, सरमिसळ करायची नाही, सगळ्या क्रेटमध्ये वजन सारखं, काही उरायला नको, तर कमीत कमी किती क्रेट लागतील? "कमीत कमी" बघून दोघांनी लसावि काढला, १५४०. मी म्हटलं मामाकडे माल किती आहे सगळा मिळून? ३६० किलो. मग १५४० काय आहे, किलो का क्रेट? गप्प बसली दोघं, मग पोरगी म्हणाली क्रेट कमी लागायचे असतील तर प्रत्येकात जास्त भरायला पाहिजे. बरोबर, म्हणजे वजन जास्तीत जास्त, म्हणजे मसावि, २० किलो. थॉमसनचे ७ आणि सोनाकाचे ११, एकूण १८ क्रेट.

उलटं पण होतं. समजा निमाणी बसस्थानकावरून एक बस दर २० मिनिटांनी सुटते आणि दुसरी २५ मिनिटांनी, सकाळी ७ ला दोन्ही एकदम सुटल्या, तर ७ ते १२ मध्ये जास्तीत जास्त किती वेळा एकदम सुटतील. "जास्तीत जास्त" आहे पण मसावि ५ काढून काही उपयोग नाही, लसावि १०० मिनिटं, म्हणजे ७, ८:४०, १०:२० आणि १२, चार वेळा.

म्हणून शब्द बघू नका, काय घडतंय ते बघा. असलेल्या वस्तूचे सारखे भाग करायचेत, तुकडे, वाटे, क्रेट, फरशी, तर उत्तर असलेल्यापेक्षा लहान, मसावि. वेगवेगळ्या टप्प्याने जाणारे परत एकत्र यायचेत, बस, घंटा, गिअर, तर उत्तर मोठं, लसावि. माझ्या आईला हे सांगत होतो तर ती म्हणाली साठी शांतीचं पण तसंच ना, आणि खरंच, गुरूची फेरी अंदाजे १२ वर्षं धरतात आणि शनीची अंदाजे ३०, १२ आणि ३० चा लसावि ६०, आणि पंचांगातली संवत्सरं पण ६० च. फक्त आकडे अंदाजे आहेत हे पोरांना सांगा, गुरूची फेरी खरी ११.८६ वर्षांची आहे, म्हणून सिंहस्थ पण प्रत्येक वेळी मोजून १२ वर्षांनीच येईल असं नाही.

बाकी उरणारी गणितं राहिली. १२, १५ आणि १८ ने भागल्यावर प्रत्येक वेळी ५ उरतात अशी लहानात लहान संख्या, लसावि १८० काढून शेवटी ५ मिळवायचे, १८५. आणि ६५ व १०१ ला ज्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागलं तर ५ उरतात, तिथे आधी ५ वजा करायचे, ६० आणि ९६, मग मसावि १२. लसाविला नंतर मिळवायचे, मसाविला आधी वजा करायचे. पहिल्या गणितात माझ्या मुलीने विचारलं की पप्पा ५ ला १२ ने भागलं तरी भागाकार ० आणि बाकी ५ च ना, मग ५ का नाही. तिचं बरोबर आहे, गणितात "तीन अंकी" असं लिहायला पाहिजे होतं. तुमच्या पोराने असं विचारलं तर गप्प बसवू नका.

अपूर्णांकाच्या बेरजेत याचा उपयोग होतोच, ५/१२ अधिक ७/१८ ला छेद ३६ घेतला की २९/३६ लगेच, २१६ घेतला तरी चूक नाही पण १७४/२१६ येतं आणि परत मसावि ६ ने संक्षेप द्यायला लागतो.

सध्या आमच्याकडे रोज रात्री जेवणानंतर दोनच गणितं असतात, एक मसाविचं एक लसाविचं, कुठलं कुठलं ते सांगत नाही. अदलाबदल थांबलीय, क्रेटसारख्या गणितात अजून अधूनमधून अडखळते. परवा मी १५ दात्यांचा तिसरा गिअर आणला, त्याच मॉड्यूलचा, आणि फळीवर तिन्ही ओळीने लावले, प्रत्येकावर एक खूण आणि समोर फळीवर एक रेघ, तिन्ही खुणा एकदम आपापल्या रेघेवर परत कधी येतील विचारलं. तिने फिरवलंच नाही आधी, वही घेतली, १५, १८, २४, वरती ३, मग लाल रेघ, मग ५, ६, ८, आणि लिहिलं ३६० दाते, म्हणजे १८ वाल्याचे २० फेरे, २४ वाल्याचे १५ आणि १५ वाल्याचे २४. मग त्या मुलाला फिरवायला लावलं आणि स्वतः मोजत बसली, १८ वाल्याच्या विसाव्या फेऱ्याला तिन्ही खुणा आपापल्या रेघेवर आल्या.